रुमालातला कागद आणि मोबाइलमधला उतारा

बचत, कर्ज, हप्ते यांवर आपण दर महिन्याला बोलतो. आज जुन्या कागदांविषयी बोलू. पेटीच्या तळाशी पडलेला पिवळा कागद आपल्या हक्काशी कसा बांधलेला असतो, ते इतिहासातूनच बघू.

१८१८ साली पेशवाई गेली आणि पेशव्यांचं दफ्तर इंग्रजांच्या हाती आलं. त्यांनी ते सांभाळलं, कारण सारा कुणाकडून किती येतो, जमीन कुणाला कशासाठी इनाम दिली, हे सगळं त्यात होतं. आज ते पुण्याच्या पुरालेखागारात आहे. तिथे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. असे हजारो रुमाल तिथे आहेत आणि बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत.

कागदाची ताकद आपल्या माणसांना १८५२ नंतर चांगलीच कळली. त्या साली इनाम कमिशनचा कायदा झाला. इनामदारांना सनदा दाखवायला सांगितलं आणि त्यांचं म्हणणं दफ्तराशी ताडून पाहिलं. ज्यांना पुरावा देता आला नाही, त्यांतल्या कित्येकांची इनामं गेली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली, हे सांगून भागलं नाही.

कागद एकाच ठिकाणी असला की दुसरा धोका असतो. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसं दगावली, वरचे मजले जळाले आणि असंख्य फायलींची राख झाली. मूळ कागदाची प्रत दुसरीकडे असायलाच हवी, हे त्या दिवशी सगळ्यांना पटलं. पूर्वी हे काम छापखान्यातून व्हायचं. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३० पासून पुढच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापून घेतले. आज हेच काम स्कॅनिंगने होतं. जुने सातबारे, फेरफार, खाते उतारे स्कॅन होऊन महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’वर आले आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला शासनाने समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते आपण पाहिलंच. कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची एक ओळ घराघरांत शोधली गेली.

आता आपल्या बायकांचं बघू. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. पण वाटा मागायला गेलं की आजोबांच्या नावाचा उतारा कुठे, वारसांचा फेरफार कुठे, असं विचारतात. जुन्या कागदांत बायकांची नावं आधीच कमी. नवरा वारल्यावर वारस म्हणून नाव लागलं तर लागलं. त्यात लेकीचं नाव माहेरचं एक, सासरचं दुसरं. म्हणून जो कागद आहे, तो तरी हातचा जाऊ देऊ नये.

संगणकावर आलं म्हणजे बरोबर आलं, असंही नाही. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. तो मुळासारखाच असतो. पण सातबारा संगणकावर चढवताना कुणीतरी तो वाचून टाइप केलेला असतो. तिथे ‘सखुबाई’ची ‘सुखाबाई’ होऊ शकते, एखादं नाव गळू शकतं. म्हणून नवा उतारा जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी ताडून बघा. लिहिण्यातली चूक असेल, तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्या अर्जाला जोडायला जुनाच कागद लागतो. म्हणूनच आम्ही गटागटांत सांगतो, फोटो काढला तरी मूळ कागद टाकू नका.

घरी करायचं काम सोपं आहे. कागद उजेडात सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या शिक्क्यात आणि तारखेत बरंच काही असतं. फोटोला नाव द्या: गाव, गट नंबर, वर्ष. नुसता फोटो लग्नाच्या फोटोंत हरवतो. एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवर ठेवा. आधार, बँक पासबुक मात्र गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. स्वच्छ सुती कापडात, ओल नसेल अशा जागी बांधून ठेवा. मोडी वाचता येत नाही म्हणून चुलीत घालू नका. वाचणारं माणूस आज ना उद्या भेटतं, जळालेला कागद भेटत नाही.

आणि आपल्या गटाच्या वह्या? इतिवृत्त, हप्त्यांची वही, महिला ग्रामसभेचे ठराव. पाण्याच्या टाकीची मागणी कुणी केली, दारूबंदीच्या ठरावावर कुणाच्या सह्या होत्या, हे त्यांत आहे. ऐंशी वर्षांनी कुणी या गावाचा इतिहास लिहायला बसलं, तर बायकांची नावं त्यांना इथेच मिळतील. वही भरली की रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढा, वहीवर साल घाला आणि पुढच्या सचिवाच्या हाती मोजून द्या. इतिवृत्तात ‘सर्व महिला हजर’ एवढंच लिहून थांबू नका. प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहा, आईबापांनी ठेवलेलं नावसुद्धा.