चौघांत ऐकलेली तबकडी

भायखळ्याहून भेंडीबाजार पायी जाण्याच्या अंतरावर. एकोणिसाव्या शतकात मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ तिथे राहिले आणि वस्तीचेच नाव घराण्याला पडले. छज्जू खाँसाहेबांचे पुत्र अमान अली खाँ १९५३ साली गेले. त्यांची ध्वनिमुद्रणे फार थोडी. मग त्यांना ऐकायचे कुठे?

एकदा चौघांत अमीर खाँसाहेबांची रेकॉर्ड लावली होती. शेजारचे एक बुजुर्ग म्हणाले, ‘‘ही सरगम ऐका, हिच्यात अमान अली आहेत.’’ घरी एकट्याने तीच रेकॉर्ड कितीदा ऐकली होती. हे कधी कानावर आले नव्हते. तबकडी कपाटात जपता येते. घराणे जपायला मात्र शेजारी कुणीतरी लागते.