खोडदची शांतता आणि न आलेली आगगाडी

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या मंडपात आम्ही टेकलो की आधी जाणवते ती शांतता. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी या कड्यात तीसच्या आसपास लेणी कोरली गेली. ध्यानाला एकांत हवा, पण भिक्षेला जुन्नरची नांदती पेठही जवळ हवी. ही दुहेरी गरज या डोंगराने भागविली.

अशीच दुहेरी गरज घेऊन विसाव्या शतकात दुसरी मंडळी याच तालुक्यात आली. गोविंद स्वरूप यांनी 1965 मध्ये कल्याणास ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या 32 लहान तबकड्यांवर रेडिओ-खगोलशास्त्राचा आरंभ केला, 1970 मध्ये उटीची दुर्बीण पुरी केली आणि मग नारायणगावापलीकडे खोडदला मुक्काम ठोकला. त्यांना पुणे जवळ हवे होते, पण पुण्याचा रेडिओ-गोंगाट नको होता. येथे उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ-दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्यांपैकी 14 खोडदजवळ एकवटलेल्या आहेत आणि 16 तीन भुजांवर सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत.

आता गोंगाट म्हणजे काय? 1942 च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या लष्करी रडारांत एकाएकी प्रचंड खरखर उमटू लागली. शत्रूने आपली यंत्रे बधिर केली असेच सर्वांना वाटले. जेम्स स्टॅन्ली हे नावाच्या शास्त्रज्ञाने शोध घेतला, तेव्हा तो शत्रू सूर्य निघाला! रडारवाल्यांची ती कटकट ज्योतिर्विदांना मात्र पर्वणी ठरली. एकाचा गोंगाट ही दुसऱ्याची वार्ता असते, हे त्या दिवशी कळले.

रडार स्वतः हाक मारते आणि प्रतिध्वनी ऐकते. डोंगराचा प्रतिध्वनी स्थिर, म्हणून यंत्र तो गाळून टाकते. पण पवनचक्कीचे पाते फिरते असते. त्याच्या टोकाचा वेग ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटरांवर जातो आणि विमानतळाच्या पडद्यावर पाते विमानाचे सोंग घेते. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही फसगत सहज उमजेल. यावर उपायही आहेत : नवे रडार बसविता येते, गाळण्याची रीत सुधारता येते, कारण रडारला आपली हाक ओळखीची असते.

खोडदच्या अँटेना मात्र हाक मारीतच नाहीत, केवळ ऐकतात. येथूनच 2023 मध्ये, सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतील हायड्रोजनातून निघालेला संकेत टिपल्याचे जाहीर झाले. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो मोठा झाला होता, तरीही किती क्षीण! अशा कानाशेजारी विजेच्या तारेवरची एक ठिणगीही तोफेसारखी. गोंगाट गाळू पाहावे, तर त्यासरशी वार्ताही वाहून जाते.

आणि येथेच आगगाडीचा प्रश्न आला. पुणे-नाशिक लोहमार्ग राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असा यावा, ही या भागाची जुनी आस. जुन्नरची द्राक्षे, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार, आंबेगावचे कांदा-बटाटे : गाडी आली असती तर कोणाचे भले झाले असते ते सांगावयास नको. परंतु 2025 मध्ये रेल्वे खात्याने सांगितले की, दुर्बिणीस बाधा येत असल्याने हा मार्ग सोडून शिर्डीकडून वळसा घ्यावा लागेल.

विज्ञानाच्या बाजूने बोलणे आम्हांस सोपे आहे, आमची द्राक्षे गाडीवाचून खोळंबत नाहीत. दुर्बीण उचलून अन्यत्र नेता येत नाही आणि तिची शांतता एकदा गेली की परत मिळणार नाही, म्हणून वळसा आम्हांस योग्य वाटतो. पण त्या शांततेचे मोल साऱ्या जगाच्या वतीने दोन तालुके भरीत आहेत. भिक्षूंच्या लेण्यांना ज्यांनी दाने दिली त्यांची नावे तरी जुन्नरच्या कड्यांवर कोरली गेली. मंचरच्या शेतकऱ्याला, हे दान तुझ्याकडून घेतले आहे, असे कोणी नीट सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.