तळघरांतील वस्ती

तळघर हा शब्द उच्चारला कीं आपल्याला बहुधा धन, धान्य किंवा भय ह्यांपैकीं कांहीं तरी आठवतें. जुन्या वाड्यांच्या पोटांत ठेवा पुरलेला असे, धान्यासाठीं पेवें खणलेलीं असत, आणि परचक्राच्या वेळीं बायकामुलांना क्षणभर लपविण्याची सोयहि अशा जागीं होई. परंतु तेथें कोणी संसार मांडील ही कल्पना आपल्या वाडवडिलांना सहसा शिवली नसेल. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या मुलखांत जमिनीखालीं काय चालतें, हें पेव उघडणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक होतें. तोंड उघडल्याबरोबर आंत उतरूं नये, आधीं कोंडलेली हवा जाऊं द्यावी, हा धडा त्याला बापाकडून मिळालेला असे.

थंड देशांची गोष्ट निराळी आहे. तेथें हिवाळ्यांत जमिनींतलें पाणी गोठतें, गोठतांना फुगतें, आणि पाया उथळ असला तर त्यास उचलून वरच्या भिंती चिरून टाकतें. अमेरिकेच्या उत्तरेकडील कित्येक प्रांतांत म्हणून पाया चार फूट किंवा त्याहूनहि खोल न्यावा लागतो. इतकें खणावयाचेंच आहे, तर आणखी थोडें खणून एक मजला पदरांत पाडून घ्यावा, हा विचार तेथें ओघानेंच आला. इंग्लंडांत जमीन इतकी खोल गोठत नाहीं. पण भरवस्तींतील जागा महाग असल्यामुळें व्यापाऱ्यांनीं व घरमालकांनीं कोळसा आणि माल ठेवण्यासाठीं घराखालीं पोकळी राखली. लँकेशायरांत तर सुती हातमागवाले मुद्दाम तळघरांत माग मांडीत, कारण ओलसर हवेंत सूत कमी तुटतें. जी ओल सुताला मानवते ती विणकराच्या छातीलाहि मानवेल कीं काय, हा प्रश्न त्या काळीं फारसा कोणी विचारला नाहीं.

तो प्रश्न लिव्हरपूल शहरांत ऐरणीवर आला. सन १८०१ मध्यें त्या शहराच्या मूळ भागाची लोकसंख्या पाऊण लाखाच्या थोडी वर होती. १८४१ सालीं ती सव्वादोन लाखांच्या घरांत गेली. गोद्या वाढल्या, काम वाढलें, आणि कामाच्या मागें माणसें आलीं; घरें मात्र त्या मानानें वाढलीं नाहींत. मग कोळशासाठीं खणलेल्या खोल्या भाड्यानें जाऊं लागल्या. विल्यम हेन्री डंकन नांवाचा एक डॉक्टर ह्या वस्तींत औषधोपचार करीत असे. त्यानें १८४३ मध्यें शहरांतील मृत्यूंच्या कारणांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यांतील आंकड्यांवरून सुमारें ६,३०० तळघरांत वीस हजारांहून अधिक माणसें राहत होतीं असें दिसतें. खोली दहाबारा फूट लांबीरुंदीची. कित्येक ठिकाणीं उंची सहा फुटांहूनहि कमी. तळाला फरशी, आणि पुष्कळदां तीहि नसून नुसती माती. खिडकीचें नांव नाहीं. आणि ज्या दारांतून उजेड यावयाचा त्या दाराचा माथा रस्त्याच्या पातळीहून क्वचितच वर. मँचेस्टरची स्थिति ह्याहून बरी नव्हती. फ्रीड्रिख एंगल्स ह्यानें १८४५ च्या आपल्या ग्रंथांत नदीच्या पातळीखालीं राहणाऱ्या एका हातमागवाल्याची हकीकत दिली आहे. त्या बिचाऱ्यास रोज सकाळीं उठून घरांतलें पाणी उपसून रस्त्यावर ओतावें लागे, आणि मगच त्याचा दिवस सुरू होई.

लिव्हरपूलनें ह्यावर प्रथम मनाईचा उपाय योजला. १८४२ च्या स्थानिक कायद्यानें कोंदट चौकांतील तळघरांत राहण्यास बंदी झाली. १८४६ च्या कायद्यानें नियम अधिक कडक झाले. आणि १८४७ च्या पहिल्या दिवसापासून डंकन हा शहराचा आरोग्याधिकारी झाला. ब्रिटनमध्यें अशा पदावर नेमला गेलेला हा पहिलाच मनुष्य होय. परंतु त्याच वर्षीं आयर्लंडांतील दुष्काळानें घरदार सोडावयास लावलेलीं सुमारें तीन लाख माणसें ह्या बंदरांत उतरलीं. त्यांतील बरीचशीं पुढें अमेरिकेस गेलीं, पण ज्यांच्यापाशीं जहाजाचें भाडें नव्हतें तीं तेथेंच राहिलीं. रिकामीं करून बंद केलेलीं तळघरें पुन्हां माणसांनीं भरलीं, आणि टायफस तापानें हजारों बळी घेतले. अधिकारी लोकांना बाहेर काढीत; बाहेर काढलेले लोक शेजारच्या, आधींच दाटलेल्या खोलींत शिरत, नाहीं तर दुसरें तळघर शोधीत. ह्याहून वेगळें कांहीं घडण्याजोगें नव्हतें, कारण त्यांना जावयास दुसरी जागाच नव्हती. शहरानें स्वतः मजुरांसाठीं घरें बांधण्यास हात घातला तो १८६९ सालीं, सेंट मार्टिन्स कॉटेजेस ह्या इमारती उभारून. पहिली मनाई आणि पहिलें पर्यायी घर ह्यांच्यामध्यें सत्तावीस वर्षें लोटलीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. टायफस ओलीनें होतो, दूषित वाफांनीं होतो, असें त्या पिढीस वाटे. तो अंगावरील उवांमुळें पसरतो हें शार्ल निकोल ह्यानें १९०९ मध्यें दाखविलें. म्हणजे त्या वर्षींच्या मृत्यूंचा दोष ओलीपेक्षां गर्दीकडे व उपासमारीकडे अधिक जातो. परंतु म्हणून ओल निर्दोष ठरत नाहीं. ओलीवर बुरशी धरते, आणि ओलसर घरांत राहणारांस दम्याचा व श्वसनाच्या इतर विकारांचा उपद्रव अधिक होतो, हें जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ मध्यें आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेंत नमूद केलें आहे. डंकनचें निदान कांहीं अंशीं चुकलें, पण त्यानें बोट ठेवलेली जागा चुकली नव्हती.

ह्या अनुभवांतून जो कायदा तयार झाला तो आजहि वाचण्यासारखा आहे. इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानें नव्या तळघरांत वस्ती करण्यास मनाई केली, आणि जीं पूर्वींपासून कायदेशीरपणें भाड्यानें दिलेलीं होतीं त्यांस पुढील अटी घातल्या. खोलीची उंची सर्वत्र निदान सात फूट असावी. त्यांपैकीं निदान तीन फूट रस्त्याच्या पातळीवर असावे. दर्शनी भिंतीच्या पूर्ण लांबीभर निदान अडीच फूट रुंदीची मोकळी जागा खणलेली असून ती तळाच्या फरशीच्याहि सहा इंच खालपर्यंत जावी. सांडपाण्याची मोरी फरशीखालीं निदान एक फूट असावी. धुराड्यासह चूल असावी. आणि उघडतां येणारी, निदान नऊ चौरस फुटांची खिडकी असावी. ह्या सर्व अटींचा अर्थ एकच निघतो. जमिनीखालची खोली माणसानें राहण्यास योग्य व्हावयाची असेल, तर तिला शक्य तितकें जमिनीबाहेर आणलें पाहिजे.

कायद्याच्या जोडीला गवंड्याची विद्याहि पुढें सरकत होती. एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधण्याचें काम १७५६ सालीं जॉन स्मीटन ह्याच्याकडे आलें, तेव्हां पाण्याखालींहि घट्ट होईल असा चुना त्यानें शोधून पाहिला, आणि ज्या चुनखडींत चिकणमातीचा अंश असतो तिचाच चुना ह्या कामास उतरतो असें त्यास आढळलें. आपले गवंडी चुन्यांत विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळीत आले ते ह्याच गुणासाठीं. १८२४ मध्यें जोसेफ ॲस्पडिन ह्यानें पोर्टलंड सिमेंटचा हक्क नोंदविला, आणि पुढें कोणत्याहि गांवांत पाण्यास दाद न देणारा गिलावा करणें शक्य झालें. १८७७ च्या इंग्रजी नमुना-नियमांत प्रत्येक भिंतींत जमिनीच्या थोडें वर ओल अडविणारा थर घालण्याची अट आली. वीट ही दिव्याच्या वातीप्रमाणें पाणी वर ओढून घेते. मध्यें शिशाचा पत्रा, डांबराचा थर किंवा सिमेंटांत बसविलेल्या स्लेटच्या फरश्या घातल्या कीं ही वात तेथें तुटते.

तरीहि तळघरें ओलीं राहत, आणि त्याचें कारण सिमेंटच्या भक्तांना उशिरा उमगलें. भिंतीबाहेर एक फूट पाणी साचलें कीं त्याच्या बुडाशीं दर चौरस फुटावर सुमारें ६२ पौंडांचा दाब पडतो. तीन फूट साचलें तर जवळजवळ १८७ पौंडांचा. आंतून केलेला गिलावा, तो कितीहि उत्तम असो, अशा दाबानें आज ना उद्यां सुटतो. पाण्याशीं झुंजण्यापेक्षां त्याला वाट द्यावी, हें शहाणपण शेतकीकडून आलें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांताचा हेन्री फ्लॅग फ्रेंच ह्यानें १८५९ मध्यें शेतांतील निचऱ्यावर एक ग्रंथ लिहिला. खडीनें भरलेल्या ज्या चरास आज सारे लोक ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात, त्याचें नांव ह्या गृहस्थावरून पडलें आहे. फ्रान्स देशाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

विसाव्या शतकांत अमेरिकेंतील घरांत कोळशाच्या भट्ट्या जाऊन तेलाच्या व वायूच्या शेगड्या आल्या. कोळशाची कोठी रिकामी झाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यम वर्गाच्या कुटुंबांनीं ती मुलांच्या खेळासाठीं, पाहुण्यांसाठीं, कधीं भाडेकऱ्यासाठीं सजविण्यास आरंभ केला. ह्या उद्योगांत बहुतेकांचा क्रम उलटा होई. आधीं भिंतींना सुंदर लांकडी फळ्या ठोकावयाच्या, जमिनीवर गालिचा अंथरावयाचा, आणि वर्षभरानें फळ्यांमागें काळी बुरशी आढळली कीं हळहळावयाचें. जाणते कारागीर सांगतात तो क्रम बाहेरून आंत येणारा आहे. प्रथम छपराचें पाणी पन्हळींतून घरापासून दूर न्यावें आणि पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच उतार पडेल अशी भोंवतालची माती चढवावी. मग पायाशीं खडींत छिद्रांची नळी घालून पाण्यास वाट द्यावी. उतार मिळत नसेल तर खड्डा करून पंप बसवावा. त्यानंतर भिंत आणि जमीन ह्यांतून येणारी ओल अडवावी. फळ्या, रंग आणि दिवे ह्यांची पाळी सर्वांच्या शेवटीं येते.

ओल बाहेरून येते कीं आंतल्या हवेंतून थंड भिंतीवर जमते, हें ओळखण्याची युक्तिहि सोपी आहे. प्लॅस्टिकचा एक तुकडा भिंतीवर चारी कडांनीं चिकटवून एकदोन दिवस ठेवावा. थेंब त्याच्या मागें दिसले तर पाणी भिंतींतून येत आहे. पुढें दिसले तर खोलींतील दमट हवा गार पृष्ठभागावर निवत आहे. ह्या दुसऱ्या प्रकारांत उन्हाळ्यांत खिडक्या उघडून तळघर ‘वाळवूं’ पाहणारा मनुष्य त्यांत ओलीची भरच घालीत असतो.

येवढें सारें केल्यावरहि जमीन आपला एक गुप्त कर वसूल करीतच असते. १९८४ सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत, अणुवीजकेंद्रावर काम करणाऱ्या एका मनुष्याच्या अंगावर किरणोत्सर्गाचा अंश आढळून तेथील यंत्रें खणखणूं लागलीं. शोध करतां तो केंद्रांतून आलेला नसून त्याच्या राहत्या घराच्या खालच्या मातींतून आलेला निघाला. रेडॉन हा वायु खडकांतून झिरपतो, त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचें तें एक मोठें कारण आहे. तेव्हांपासून तळघरांत राहण्यापूर्वीं त्याची मोजणी करावी, असें तेथील सरकार सांगत आलें आहे.

वाचकांस वाटेल कीं ही दूरदेशची कथा झाली. परंतु १ सप्टेंबर २०२१ च्या रात्रीं न्यूयॉर्क शहरांत वादळी पाऊस झाला, तेव्हां शहरांत जे तेरा जण दगावले त्यांपैकीं अकरा तळघरांतील बिऱ्हाडांत होते, आणि त्यांतलीं बहुतेक बिऱ्हाडें नियमाबाहेरचीं होतीं. २७ जुलै २०२४ रोजीं दिल्लींत एका शिकवणीवर्गाच्या तळघरांत वाचनालय चालत असतां पावसाचें पाणी आंत शिरलें, आणि तीन तरुण विद्यार्थी बुडून मेले. त्या जागेस परवानगी होती ती वाहनांसाठीं व सामानासाठीं. दोन्ही ठिकाणीं माणसें खालीं उतरलीं तीं वर परवडण्याजोगी जागा नव्हती म्हणून, किंवा जागेचा प्रत्येक हात भाड्याला लावण्याची मालकाची हांव होती म्हणून. लिव्हरपूलच्या तळघरांचीं कारणेंहि हींच होतीं.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेंत तळघराचें छत भोंवतालच्या जमिनीहून निदान ०.९ मीटर वर असावें असें म्हटलें आहे. नऊ दशांश मीटर म्हणजे जवळजवळ तीन फूट. इंग्लंडच्या त्या जुन्या कायद्यानें मागितले होते तेवढेच. अमेरिकेंतील नियमांनीं निजण्याच्या तळखोलीस माणूस बाहेर पडूं शकेल अशी खिडकी सक्तीची केली आहे. १८७५ मध्यें जी खिडकी हवेसाठीं मागितली गेली, तीच आतां जीव वाचविण्याच्या वाटेसाठीं मागितली जाते.

म्हणून ज्यास आपल्या घराखालची खोली राहण्याजोगी करावयाची असेल, त्यानें रंगाच्या डब्याआधीं तीन प्रश्न विचारावे: पावसाचें पाणी कोठें जातें, आंतली हवा कोठून बदलते, आणि अपरात्रीं पाणी आलें तर निजलेलें मूल कोणत्या वाटेनें बाहेर पडेल? आणि जे शहराचा कारभार पाहतात त्यांनीं चौथा प्रश्न आपल्या मनाशीं विचारावा: ही खोली आपण बंद केली, तर तिच्यांतील कुटुंब आज रात्रीं कोठें निजेल? लिव्हरपूलला ह्या चौथ्या प्रश्नाकडे वळण्यास सत्तावीस वर्षें लागलीं. आपल्यापाशीं त्यांचा अनुभव लिहून ठेवलेला आहे; तेव्हां आपण तितका वेळ घेण्यास कांहीं सबब उरत नाहीं.