यमुनातीरीचे डोहाळे

शरद ऋतू आणि गर्भारपण ह्यांची सांगड मराठी घराने फार पूर्वीपासून घातलेली आहे. आश्विनात भाताच्या लोंब्या दुधाने भरतात. घटस्थापनेला मातीत धान्य पेरून नऊ दिवस त्याच्या अंकुरांची वाट पाहिली जाते. अशा दिवसांत घरातली लेक किंवा सून दोन जिवांची असली, म्हणजे घराचे लक्षही दोन ठिकाणी लागून राहते. एक देव्हाऱ्यातल्या घटाकडे आणि दुसरे तिच्याकडे. ह्या लक्ष ठेवण्यालाच आपण डोहाळे पुरवणे म्हणतो. परंतु हे घर सह्याद्रीच्या कुशीतून उठून यमुनेच्या काठी, दिल्लीत, जाऊन बसले तर त्या डोहाळ्यांचे काय होते? प्रश्न घरगुती वाटतो, पण त्याचे उत्तर पुष्कळ जुने आहे.

‘दोन जिवांची’ हा शब्दप्रयोग बायकांच्या बोलण्यातला म्हणून आपण त्याकडे फारसे लक्ष देत नाही. वस्तुतः वैद्यकशास्त्राची हीच परिभाषा आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भवतीला दोन हृदये असतात, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले असून तिथे तिला ‘दौहृदिनी’ म्हटले आहे. तिची इच्छा ही एकटीची इच्छा नव्हे, ती मोडली तर दुसऱ्या हृदयाला इजा पोहोचते, असा त्यामागचा विचार. संस्कृत काव्यातला ‘दोहद’, प्राकृतातला ‘दोहल’ आणि मराठीतला ‘डोहळा’ हे ह्याच घराण्यातले शब्द होत. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणी लाजेने काही मागत नाही, तेव्हा दिलीप राजा तिच्या सख्यांकडे पुन्हापुन्हा चौकशी करतो. परमानंदाच्या ‘शिवभारता’तही जिजाबाईंच्या डोहाळ्यांचे वर्णन आहे. राजा असो की सामान्य गृहस्थ, बायकोला काय हवे आहे हे त्याने विचारले पाहिजे, एवढी अपेक्षा ह्या परंपरेत निश्चित दिसते.

आजच्या डोहाळजेवणाचा पूर्वज म्हणजे सीमंतोन्नयन. आपस्तंब गृह्यसूत्रात हा संस्कार पहिल्या गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यात सांगितला आहे. तीन पांढरे पट्टे असलेला साळिंदराचा काटा, दर्भाच्या तीन काड्या आणि औदुंबराच्या कच्च्या फळांचा घोस घेऊन पतीने पत्नीच्या केसांचा भांग वरच्या बाजूस काढावयाचा. मग वीणा वाजवणाऱ्यांना गाण्यास सांगावयाचे. त्या प्रसंगीच्या दोन मंत्रांपैकी एक साल्व नावाच्या लोकांसाठी आहे आणि त्यात यमुनेच्या तीरावर बसलेल्या साल्व स्त्रिया आपल्या राजाचे नाव घेतात. दुसऱ्या मंत्राच्या वेळी, ज्या नदीजवळ ते कुटुंब राहत असेल त्या नदीचे नाव घ्यावे, असे सूत्रकाराने स्पष्ट म्हटले आहे. शेवटी अंकुर फुटलेले जव तिच्या केसांत बांधावयाचे आणि नक्षत्रे दिसू लागेपर्यंत तिने मौन पाळावयाचे.

ह्या विधीतील नदीचा उल्लेख मोठा अर्थपूर्ण आहे. सूत्रकाराने पूर्वजांच्या नदीचे नाव सांगितले नाही, माहेरच्या नदीचे सांगितले नाही. जिथे संसार मांडला आहे तिथल्या नदीचे सांगितले. येणारे मूल ज्या पाण्यावर वाढणार, त्या पाण्याशी त्याची ओळख जन्माआधीच करून द्यावयाची, असा त्याचा सरळ अर्थ घेता येतो. आश्वलायन तर ह्यापुढे एक पाऊल जातो. वडीलधाऱ्या, सौभाग्यवती, लेकुरवाळ्या ब्राह्मणी जे जे सांगतील ते ते करावे, असे तो लिहितो. शास्त्राने बायकांच्या तोंडी चालत आलेल्या ज्ञानापुढे इतक्या मोकळेपणाने मान तुकवल्याची उदाहरणे फार नाहीत.

महाराष्ट्रातल्या शरदात हे तोंडी ज्ञान गाण्यांतून वाहते. सूर्य हस्त नक्षत्रात आला की हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती मुली फेर धरतात. कुठे त्याला हादगा म्हणतात, कुठे नवरात्रातला भोंडला. विदर्भ-खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. ही भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. तिच्या गाण्यांत सासरचा जाच आहे, माहेरची ओढ आहे, आणि भुलोजीला मूल झाले म्हणून यमक जुळवीत त्याचे नाव ठेवण्याची गंमतही आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलींना गर्भारपण आणि बाळंतपण ह्या गोष्टींची पहिली ओळख कोणी समोर बसवून करून देत नव्हते. ती अशी फेर धरता धरता, खिरापत ओळखता ओळखता होत होती. पुढे त्यातलीच एखादी मुलगी सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून डोहाळजेवणाला बसे. झोपाळ्यावरचे, नावेतले, बागेतले असे त्याचे प्रकार आहेत. चांदण्यातले डोहाळजेवण करावे ते मात्र कोजागरीच्या आसपासच.

ह्या सगळ्याचा पाया माहेर हा आहे, आणि दिल्लीला नेमके तेच दूर पडते. मराठी स्त्रियांचा यमुनातीरीचा शरद इतिहासात ठळकपणे दिसतो तो १७६० सालचा. सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, अनेक सरदारांची कुटुंबे होती, कुरुक्षेत्राची यात्रा घडेल ह्या आशेने निघालेले यात्रेकरू होते. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडला आणि दसरा तिथेच साजरा झाला. सोने लुटण्याचा तो आनंद एक आठवडाही टिकला नाही. कोजागरीच्या सुमारास अब्दालीचे सैन्य बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आले आणि दिल्लीची वाट तुटली. १४ जानेवारी १७६१ रोजी काय झाले हे प्रत्येक मराठी माणूस जाणतो. तलवारींचा हिशेब इतिहासाने बारकाईने मांडला. त्या छावणीत चुली पेटवणाऱ्या बायकांचा मांडला नाही. कुंजपुरा, पानिपत आणि बागपत ही तिन्ही स्थळे आजच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतात. त्यांच्याजवळून हमरस्त्याने जाणाऱ्या मराठी कुटुंबाला ह्याची आठवण असणे बरे.

पुढचा मराठी वस्तीचा काळ मात्र लेखणीचा आहे. डिसेंबर १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली, १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले, आणि स्वातंत्र्यानंतर सचिवालयाचा पसारा वाढला तसा मराठी कारकून, हिशेबनीस आणि अधिकारी ह्यांचा ओघ वाढला. गोल मार्केट, लोदी कॉलनी, पुढे सरोजिनीनगर झालेले विनयनगर, रामकृष्णपुरम, करोल बाग अशा वस्त्यांत ही कुटुंबे विखुरली. पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय उभे राहिले, बृहन्महाराष्ट्र भवन झाले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन दिल्लीत भरले. ह्या संस्थांचा इतिहास लिहिला जातो, आणि तो लिहिलाच पाहिजे. पण दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरात, मुंबईपासून रेल्वेने सुमारे १,४०० किलोमीटरांवर, पहिलटकरीण सून दिवस मोजीत बसली असेल, तर तिला हवे होते ते व्यासपीठ नव्हे. तिला हवी होती आई, आणि आईच्या हातचे आंबटगोड.

परमुलखात डोहाळे पुरवणे सोपे नव्हते. आश्विनात मराठी बाईला सीताफळाची आठवण व्हावी हे स्वाभाविकच. पण दिल्लीच्या बाजारात ‘सीताफल’ मागावे तर भाजीवाला लाल भोपळा कापून देतो, कारण आपल्या सीताफळाला तिकडे शरीफा म्हणतात. दसऱ्याला आपटा मिळणे कठीण. त्याच्याच कुळातला कचनार मात्र रस्तोरस्ती उभा असतो. पंचांगाचीही गंमत आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी शेजारणीचा कार्तिक लागतो आणि मराठी घरात अजून आश्विनच चालू असतो. चंद्र एकच, तिथी एकच, महिन्याचे नाव तेवढे निराळे.

ह्या निराळेपणातूनच शेजार जुळला. फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या पंजाबी कुटुंबांनी आपल्याबरोबर पंजिरी आणली. मराठी बाळंतिणीच्या डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांना ती परकी वाटली नाही. आपण ओटी भरतो, ते गोद भरतात. बंगाली घरात ‘साध’ असते, तमिळ घरात बांगड्या भरण्याचा ‘वळैकाप्पु’ असतो, गुजराती घराने तर ‘सीमंत’ हा जुना शब्दच सांभाळला आहे. दिल्ली-हरियाणाच्या खेड्यांत नवरात्रात मुली भिंतीवर मातीची सांझी मांडतात, तिची गाणी म्हणतात आणि दसऱ्याला तिला पाण्यात सोडतात. भुलाबाईची ही सख्खी नसली तरी चुलत बहीण खरीच. दिवाळीच्या आठ दिवस आधी उत्तरेतल्या आया अहोई अष्टमीचा उपास करतात आणि बहुतेक घरी तो तारे पाहून सोडतात. त्यानंतर चारच दिवसांनी आपली वसुबारस येते, गाईवासराच्या पूजेची. तारे दिसेपर्यंतचे व्रत आणि नवरात्राच्या घटातले अंकुर पाहिले म्हणजे आपस्तंबाच्या सूत्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ह्यांचा धागा सरळ जोडता येईलच असे नाही, पण बायकांच्या हाती असलेल्या गोष्टी फार काळ टिकतात, हे मान्य करावे लागते. आश्वलायनाच्या त्या वडीलधाऱ्या बायका दिल्लीत अशा जिन्याजिन्यांवर भेटल्या. फरक इतकाच की त्यांची मातृभाषा वेगळी होती.

तथापि परंपरेचे गोडवे गाताना तिचे काटे झाकू नयेत. आश्वलायनाची अट सौभाग्यवती आणि लेकुरवाळी अशी आहे. त्या अटीने विधवेला आणि जिला मूल नाही तिला शतकानुशतके दाराबाहेर ठेवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा पुष्कळांना कळले की हा प्रश्न अद्याप जिवंत आहे.

दुसरा काटा अधिक खोल आहे. सीमंतोन्नयनाच्या आधीचा संस्कार पुंसवन, म्हणजे मुलगाच व्हावा ह्यासाठीचा. डोहाळजेवणात झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उघडून पेढा की बर्फी ह्यावरून मुलगा की मुलगी हे ठरवण्याचा खेळ निरागस असतो, कारण त्याचे उत्तर कोणी खरे मानीत नाही. यंत्राचे उत्तर खरे ठरू लागले आणि खेळ संपला. महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ साली झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली दिल्लीत ८७१, हरियाणात ८३४ आणि महाराष्ट्रात ८९४ होत्या. २००१ मध्ये महाराष्ट्राचा हाच आकडा ९१३ होता. म्हणजे पहिला कायदा करणाऱ्या राज्यात आकडा खाली गेला. भोंडल्याचा फेर धरणाऱ्या मुलींचीच ही मोजदाद आहे, हे विसरता कामा नये.

राज्यव्यवस्थेने ह्या काळात आणखीही एक काम केले, आणि दिल्लीच्या कर्मचारी वस्तीला ते जवळचे आहे. १९६१ च्या कायद्याने नोकरदार मातेला १२ आठवड्यांची रजा दिली, २०१७ च्या दुरुस्तीने ती २६ आठवडे झाली. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रियांची प्रसूतिरजा १९९७ मध्ये १३५ दिवसांची आणि २००८ मध्ये १८० दिवसांची झाली. १९९७ सालीच पित्याला १५ दिवसांची रजा मिळू लागली. पंधरा दिवस म्हणजे फार नव्हेत. पण ज्या परंपरेत बाळंतीण माहेरी जाई आणि बाप बारशाला पाहुण्यासारखा येई, तिथे बापालाही काही कर्तव्य आहे हे एका कार्यालयीन आदेशाने प्रथमच कागदावर आणले. माहेर दूर पडल्यामुळे दिल्लीच्या घरात हे आधीच घडू लागले होते. रात्री पाणी तापवणे, दवाखान्यात सोबत जाणे, काय खावेसे वाटते हे विचारणे ही कामे नवऱ्याकडे आली. दिलीप राजा सख्यांना विचारीत होता. इथे सख्याही नव्हत्या, म्हणून त्याला प्रत्यक्ष पत्नीलाच विचारावे लागले. भांग काढण्याचा काटा सूत्रकाराने पतीच्याच हाती दिला होता, हे ह्या संदर्भात आठवावे.

आता वस्ती नोएडा, गुरुग्राम, फरीदाबादपर्यंत पसरली आहे. आजी विमानाने येते, डोहाळ्यांची गाणी दूरध्वनीवरून म्हटली जातात, भोंडला संकुलाच्या हिरवळीवर रंगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत पुन्हा साहित्य संमेलन भरले, आणि त्याच्या अध्यक्षपदी लोकसंस्कृतीच्या, विशेषतः बायकांच्या गाण्यांच्या आणि कथांच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर होत्या. ज्या ज्ञानाला आश्वलायनाने एका वाक्यात मान दिला, त्याला राजधानीत असे आसन मिळाले, हा योग उचितच म्हणावा लागेल.

आणि तरी कोजागरीला गच्चीवर आटीव दूध घेऊन बसलेल्या दिल्लीकर कुटुंबाच्या मनात आज एक निराळीच चिंता असते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत हवा धुराने भरेल, वैद्य गर्भवतीला घराबाहेर पडू नको म्हणतील, आणि चांदण्यातले डोहाळजेवण खिडक्या लावून दिव्याखाली करावे लागेल. शहरातून वाहणाऱ्या यमुनेचे पाणीही ओंजळीत घेण्याजोगे उरलेले नाही. सूत्रकार म्हणाला होता, जिथे राहता तिथल्या नदीचे नाव घ्या. नाव घ्यावयाचे तर ती नदी मुलाला दाखवण्याजोगी ठेवणे आलेच. जी गर्भवती आज यमुनेच्या काठी दिवस मोजीत आहे, तिचा सर्वांत मोठा डोहळा कदाचित हाच असेल, आणि तो पुरवणे एकट्या नवऱ्याच्या किंवा एकट्या शेजारणीच्या हातचे नाही.