आखडलेली तार

जुनी स्कूटर चालवलेल्या माणसाला क्लचची केबल आखडते म्हणजे काय होतं, हे समजावून सांगावं लागत नाही. आधी बोटं दुखतात, मग मनगट, आणि एक दिवस भर सिग्नलला ती तुटते. मेकॅनिक अर्ध्या तासात नवी घालून देतो. त्याच जातीची तार छोट्या विमानाच्या डॅशबोर्डपासून इंजिनापर्यंत गेलेली असते. तिथे मात्र गाडी कडेला घेऊन थांबता येत नाही.

मी काही वर्षं छोट्या विमानांच्या देखभालीचं काम केलं. इंजिनाविषयी लोक भरभरून बोलतात, पंखांविषयी कविता करतात. या तारेविषयी कोणी बोलत नाही. म्हणून तिची गोष्ट.

तिच्या जन्मदात्याचं नाव अर्नेस्ट बोडन. १८९६ साली त्याने इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळलेली एक लवचिक नळी आणि तिच्या आतून सरकणारी तार. नळी दोन्ही टोकांना पक्की धरली की आतली तार ओढता येते, मग वाटेत कितीही वळणं असोत. दांडे नकोत, कप्प्या नकोत. काही वर्षांतच ही तार सायकलच्या ब्रेकला लागली, मग मोटारसायकलला. (राले सायकल कंपनीच्या फ्रँक बोडनला याचं श्रेय देण्याची चूक आजही होते. आडनाव एक, माणसं दोन.)

विमानाला तेव्हा अशा तारेची गरजच नव्हती, कारण विमानच नव्हतं. १९०३ साली ते उडालं तेव्हाही राइट बंधूंच्या इंजिनाला आजच्या अर्थाने थ्रॉटल नव्हता. पहिल्या महायुद्धातल्या नोम जातीच्या काही इंजिनांचा वेग कमी करायचा तर वैमानिक बटण दाबून ठिणगीच बंद करत. बटण सोडलं की इंजिन पुन्हा गरजायला लागे. म्हणजे पंखा चालू-बंद करून वारा कमी-जास्त करण्यातला प्रकार.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत सामान्य माणसाला परवडतील अशी छोटी विमानं निघाली आणि त्यांच्या डॅशबोर्डवर ढकलायचे-ओढायचे नॉब आले. पुढे त्यांचे रंगही ठरून गेले. काळा थ्रॉटलचा. लाल मिक्श्चरचा, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं त्याचा. काही विमानांत निळा, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारा. शिवाय कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा एक. प्रत्येक नॉबमागे एक तार. ती इंजिन आणि माणूस यांच्यामधली फायरवॉल ओलांडून पलीकडे जाते. तिथे इंजिन रबराच्या बैठकीवर सतत थरथरत असतं, त्यामुळे ताठ दांड्यापेक्षा वाकणारी केबल सोयीची.

इथेच खरी मेख आहे. सायकलच्या ब्रेकची तार फक्त ओढायची असते, परत यायचं काम स्प्रिंग करते. विमानातली तार ओढायची आणि ढकलायचीही असते. ओढलेली तार ताणून सरळ राहते. ढकललेली तार मात्र आतल्या आत बाक घेते, नळीच्या भिंतीला घासते. आखडलेल्या केबलला जोर लावून ढकललं की ती आणखी आखडते ती यामुळे.

ओढण्याचं गणित अठराव्या शतकातच ऑयलरने मांडून ठेवलंय. वळणांमुळे लागणारा जोर बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. समजा, केबलच्या सगळ्या वळणांची बेरीज १८० अंश आहे. तार स्वच्छ असेल आणि घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला, तर पलीकडे १ किलोचा ओढा पोचवायला अलीकडे साधारण १.६ किलो लागतात. तीच तार गंजून गुणांक ०.४ झाला की ३.५ किलो. आता त्या गंजक्या तारेला कोणी सोयीसाठी आणखी ९० अंशांचा वळसा दिला, तर साडेसहा. एक जास्तीचा वळसा, एवढंच.

तरीही हा प्रश्न इतका मोठा झाला नसता. ही विमानं इतकी वर्षं टिकतील, हे बनवणाऱ्यांनी बहुधा धरलंच नव्हतं. सेसना १७२ हे विमान पहिल्यांदा उडालं १९५५ साली. आजवर ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. १९७८ मध्ये अमेरिकी कारखान्यांतून वर्षाला १७ हजारांहून जास्त छोटी-मोठी नागरी विमानं बाहेर पडत होती. १९९४ मध्ये आकडा आला ९२८ वर. अपघातांनंतरचे नुकसानभरपाईचे खटले, विम्याचा वाढता खर्च, मंदी, अशी कारणं सांगितली जातात. माझ्या मते, इतकी विमानं आधीच विकली गेली होती की नवं घ्यायची निकड उरली नव्हती, हेही त्यात धरायला हवं. १९८६ साली सेसनाने पिस्टन इंजिनाची छोटी विमानं बनवणं थांबवलं. १९९४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की १८ वर्षांपेक्षा जुन्या छोट्या विमानाबद्दल बनवणाऱ्यावर सहसा दावा लावता येणार नाही. मग कारखाना पुन्हा सुरू झाला.

मधल्या काळात लोक जुनीच विमानं उडवत राहिले. अजूनही उडवतात. शिकाऊ वैमानिकाच्या हातात आईवडिलांच्या वयाचं विमान येणं ही नवलाची गोष्ट नाही.

इंजिन त्या मानाने नशीबवान. लायकमिंगच्या नेहमीच्या इंजिनांना कंपनीने २००० तास किंवा १२ वर्षं अशी मुदत सांगितलेली आहे. मुदत भरली की ते पूर्ण उघडून नव्यासारखं करायचं. केबलला बहुतेक जुन्या विमानांत अशी मुदतच नाही. ‘चालतंय तोवर चालू दे.’ त्यामुळे नवंकोरं केलेलं इंजिन चाळीस वर्षांच्या तारेला जोडलेलं मी पाहिलं आहे. मालकाने इंजिनावर लाखो रुपये घातले होते आणि तारेपाशी त्याचा हात आखडला होता.

तक्रार येते ती एकाच वाक्यात: ‘थ्रॉटल जड लागतोय.’ पहिलं काम, नॉबच्या मुळाशी असलेली घर्षणाची चकती बघणं. थ्रॉटल थरथरीने सरकू नये म्हणून ती आवळतात, आणि सोडायला विसरतात. तसं असेल तर चहा प्यायला जायचं. नसेल तर इंजिनाकडच्या टोकाला केबल सोडवायची आणि कार्ब्युरेटरची दांडी बोटाने हलवून बघायची. दांडीच जड असेल तर केबल निर्दोष. दांडी मोकळी आणि केबल जड असेल, तर नॉबपासून इंजिनापर्यंत बोटाने चाचपत जायचं. कुठे क्लॅम्प इतका आवळलाय की नळी चेपली आहे. कुठे केबल एक्झॉस्टच्या पाइपाजवळून गेल्याने आतलं ग्रीस भाजून डिंकासारखं झालंय. कुठे दांडीला तार धरणारी गोल खुंटी फिरायची थांबली आहे, म्हणून प्रत्येक हालचालीला तार तिथेच वाकते. एक दिवस ती तुटणार तीही तिथेच.

यावरचा लोकप्रिय इलाज म्हणजे गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा. दोन दिवस केबल लोण्यासारखी चालते. मग तेल उडून जातं, सुटलेली घाण आत बसते आणि केबल आधीपेक्षा जड होते. आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या केबल तर कोरड्याच चालायला बनवलेल्या असतात. तेल तिथे फक्त धूळ धरून ठेवतं.

सगळ्यात दुर्लक्षित तार गरम हवेची. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तापमान इतकं उतरतं की बाहेर २० अंश आणि दमट हवा असतानाही आत बर्फ धरतो. ‘आपल्याकडे कुठला बर्फ’ असं म्हणून हा नॉब वापरलाच जात नाही. न हललेली तार चार पावसाळे समुद्राकाठच्या हवेत गंजते, आणि ज्या दिवशी इंजिन गुदमरतं त्या दिवशी नॉब हलत नाही.

पण मला सर्वांत जास्त धास्ती लालची वाटते. आखडलेली तार हळू सरकत नाही, ती उडी मारते. मिक्श्चर केसभर मागे घ्यायचं असतं. तार अडते, वैमानिक जोर लावतो, आणि ती सुटते तेव्हा हवी त्याहून कितीतरी जास्त मागे येते. लाल नॉब पूर्ण मागे घेणं म्हणजे इंजिनाचं पेट्रोल तोडणं. आणि तार इंजिनाच्या टोकाला सुटलीच, तरी एक इंजिनाचं विमान उडत राहून उतरता आलं पाहिजे, अशी भर अमेरिकी नियमांत पडली ती पुष्कळ नंतर. त्याआधी मंजूर झालेल्या विमानांना ती लागू नाही.

हे वेळीच का कळत नाही? केबल एका दिवसात आखडत नाही. रोज किंचित जड होते आणि हातही तेवढाच जोर वाढवतो. रोज उडवणाऱ्याला काही जाणवत नाही. तक्रार नेहमी बाहेरचा माणूस करतो: सुट्टीवरून परतलेला प्रशिक्षक, नाहीतर दुसऱ्या विमानावरून आलेला विद्यार्थी. म्हणून नव्या माणसाने ‘जड लागतंय’ म्हटलं की ‘सवय होईल’ हे उत्तर मी देऊ देत नसे.

नवी केबल बसवायला दोन माणसं लागतात. एक आत बसून नॉब ढकलतो, दुसरा इंजिनापाशी उभा राहून बघतो. दांडी शेवटच्या अडणीला टेकली पाहिजे आणि तेव्हाही नॉब डॅशबोर्डला टेकता कामा नये, थोडी फट उरली पाहिजे. ती फट नसेल तर पूर्ण शक्ती दिली असं आतल्याला वाटतं, पण इंजिनाला ती मिळालेली नसते. मग नट, त्यात पिन, आणि सांधा झिजला तरी निसटू नये म्हणून एक मोठा वॉशर.

अशा एका कामानंतर रोजचे वैमानिक विमान फिरवून आले आणि वहीत शेरा लिहून गेले: ‘थ्रॉटल फार सैल वाटतो. तपासावा.’