दृष्टिपटलातील पूर्वज पेशी व दृष्टिऱ्हासावरील उपचार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
डोळ्याच्या मागील बाजूस असणारे दृष्टिपटल हा वस्तुतः मेंदूचाच विस्तारलेला भाग होय. त्यातील दंडपेशी व शंकुपेशी या प्रकाशग्राही पेशी प्रकाशाचे विद्युतसंदेशात रूपांतर करतात. रेटिनायटिस पिगमेंटोझा या आनुवंशिक विकारात सामान्यतः प्रथम दंडपेशी नष्ट होऊन रातांधळेपणा येतो. कालांतराने दृष्टिक्षेत्र आक्रसत जाते. मानवामध्ये नष्ट झालेल्या प्रकाशग्राही पेशी आपोआप पुन्हा निर्माण होत नाहीत. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांचा इतिहास बहुधा सलग प्रगतीचा इतिहास म्हणून मांडला जातो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन निराळे आहे. या इतिहासात 'उपचार' या शब्दाचा अर्थच टप्प्याटप्प्याने बदलत गेला. तो बदल दुर्लक्षिल्यास त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

१) पुनर्निर्मितीची कल्पना :
स्विस निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांनी १७८१ मध्ये न्यूट या उभयचर प्राण्यात डोळ्याची पुनर्निर्मिती होत असल्याची नोंद केली. सस्तन प्राण्यांबाबत मात्र मत प्रतिकूल होते. १९०६ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १९१३-१४ मधील आपल्या ग्रंथात प्रौढ चेतासंस्थेतील मार्ग ठरलेले व अपरिवर्तनीय असल्याचे मत नोंदविले. त्याचा प्रभाव पुढील अनेक दशके टिकला. पेशी आतून निर्माण होत नसतील तर बाहेरून आणाव्यात, हा विचार यातूनच बळावला. १९५९ मध्ये रोयो व क्वे यांनी उंदराच्या गर्भाचे दृष्टिपटल मातेच्या डोळ्यात प्रत्यारोपित केले व ते तेथे जगू शकते, हे दाखविले.

२) पूर्वज पेशींचा शोध :
१९८७ मध्ये डेव्हिड टर्नर व कॉन्स्टन्स सेप्को यांनी रेट्रोव्हायरसच्या साहाय्याने उंदराच्या विकसनशील दृष्टिपटलातील एकेका पेशीवर खूण केली व तिच्या वंशाचा मागोवा घेतला. एकाच पूर्वज पेशीपासून दंडपेशी व अन्य चेतापेशींबरोबरच आधारपेशीही निर्माण होतात, हे त्यातून सिद्ध झाले. अशी बहुजननक्षम पेशी प्रौढ डोळ्यातही असेल काय, हा पुढील प्रश्न स्वाभाविक होता. २००० मध्ये टोरोंटो येथील संशोधकांनी प्रौढ उंदराच्या डोळ्यातील सिलिअरी भागात दृष्टिपटलाच्या मूलपेशी आढळल्याचे जाहीर केले. तथापि २००९ मध्ये अमेरिकेतील दुसऱ्या गटाने त्या पेशी मूलपेशी नसून वाढणाऱ्या रंगद्रव्ययुक्त पेशी असल्याचे प्रतिपादन केले. परिणामी प्रौढ डोळ्यातील राखीव पेशींवरील भरवसा डळमळीत झाला.

३) प्रत्यारोपण : दावा व फेरतपासणी :
२००६ मध्ये लंडनमधील रॉबिन अली यांच्या गटाने नवजात उंदरांच्या पेशी प्रौढ उंदरांच्या डोळ्यात सोडल्या. या प्रयोगात रुजल्या त्या विभाजन पावणाऱ्या पूर्वज पेशी नव्हेत, तर विभाजन थांबवून दंडपेशी होण्याच्या मार्गावर असलेल्या पेशी, असा निष्कर्ष निघाला. दात्याच्या पेशींत चमकणारे हिरवे प्रथिन होते. यजमान उंदराच्या दृष्टिपटलात हिरव्या दंडपेशी दिसल्या, म्हणजे पेशी रुजल्या, असे अनुमान करण्यात आले. मात्र २०१६ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी, खुद्द अली यांच्या गटानेही, या अनुमानाची फेरतपासणी केली. हिरव्या दिसणाऱ्या पेशींपैकी बहुसंख्य पेशी यजमानाच्याच होत्या; दात्याच्या पेशींकडून प्रथिनादी द्रव्य त्यांच्यात संक्रमित झाले होते. दृष्टीत आढळलेली काही सुधारणा त्यामुळे खोटी ठरली नाही, परंतु तिचे स्पष्टीकरण बदलले. स्वतःच्या निष्कर्षाची अशी जाहीर तपासणी ही वैज्ञानिक प्रामाणिकपणाची अनुकरणीय घटना मानावी लागेल.

४) मानवी चाचण्या :
मानवी गर्भातील दृष्टिपटलापासून वाढविलेल्या पूर्वज पेशींच्या चाचण्या पुढे सुरू झाल्या. कॅलिफोर्नियातील हेन्री क्लासेन यांच्या पद्धतीत या पेशी दृष्टिपटलाखाली न सोडता डोळ्यातील काचाभ द्रवात टोचल्या जातात. नष्ट पेशींची जागा घेणे हा येथे हेतूच नाही. टोचलेल्या पेशींतून स्रवणाऱ्या पोषक घटकांनी रुग्णाच्या उरलेल्या पेशी तगवाव्यात, ही अपेक्षा आहे. दुसरीकडे, अशा पेशी दृष्टिपटलाखाली सोडणाऱ्या रीन्यूरॉन या ब्रिटिश कंपनीने आपला कार्यक्रम २०२२ मध्ये थांबविला.

शास्त्रज्ञ 'संरक्षण' म्हणत असताना रुग्णाच्या कानी मात्र 'गेलेली दृष्टी परत' असेच शब्द पडतात. या अंतराचा व्यापार होऊ शकतो. अमेरिकेतील फ्लोरिडा येथील एका खाजगी केंद्रात शुल्क आकारून चरबीपासून मिळविलेल्या तथाकथित मूलपेशी तीन वृद्ध महिलांच्या दोन्ही डोळ्यांत टोचण्यात आल्या व त्यांची दृष्टी गंभीररीत्या हिरावली गेली, हे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून उघड झाले. त्या पेशी दृष्टिपटलाच्या पूर्वज पेशी नव्हत्या. परंतु विकली गेली ती आशा तीच होती. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, रक्तविकारांसारखे मान्यताप्राप्त उपयोग वगळता, मंजूर चाचणीबाहेर मूलपेशींचा उपचार म्हणून वापर अनैतिक ठरविला आहे.

निष्कर्ष :
१) पूर्वज पेशींच्या इतिहासात पुनर्निर्मिती, प्रतिस्थापन व संरक्षण अशी तीन भिन्न उद्दिष्टे आढळतात, त्यांना एकच नाव देणे दिशाभूल करणारे आहे.
२) २००९ व २०१६ मधील फेरतपासण्या हे अपयश नसून या क्षेत्राची खरी कमाई होय.
३) महाविद्यालयीन अध्यापनात शोधाबरोबरच त्या शोधाची दुरुस्तीही शिकविली जाणे अगत्याचे आहे. आज वर्गात बसलेला विद्यार्थी उद्या एखाद्या दृष्टिहीन आप्ताला घेऊन दवाखान्याची पायरी चढेल, तेव्हा समोरचा माणूस नेमके कशाचे आश्वासन देत आहे, हे विचारण्याचे बळ त्याला या इतिहासातूनच मिळेल.