निकालानंतरचे न्यायालय

१९५७ च्या शरदात अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांच्या कार्यावर आधारलेल्या दोन मालिका अमेरिकन दूरचित्रवाणीवर आल्या. सीबीएसवरील ‘पेरी मेसन’ १९६६ पर्यंत चालली. एनबीसीवरील ‘द कोर्ट ऑफ लास्ट रिझॉर्ट’ १९५८ मध्येच संपली. मेसन आपल्या अशिलाचे निर्दोषत्व बहुधा निकालापूर्वीच सिद्ध करी; त्यामुळे न्यायसंस्थेवरील प्रेक्षकांचा विश्वास अबाधित राही. दुसऱ्या मालिकेत मात्र निकाल होऊन गेलेला असे, आणि तो चुकलेला असे.

या मालिकेला वस्तुस्थितीचा आधार होता. स्वतः वकिली केलेल्या गार्डनर यांनी १९४८ मध्ये प्रकाशक हॅरी स्टीगर यांच्या साहाय्याने ‘आर्गोसी’ मासिकात निरपराध बंदिवानांची प्रकरणे मांडण्यास प्रारंभ केला. अपील-न्यायालये मुख्यत्वे कायद्याची चूक पाहत. मागाहून उजेडात आलेल्या पुराव्याला तेथे फारसा वाव नसे. म्हणून गार्डनर यांचे आवाहन वाचकांना, आणि त्यांच्याद्वारे राज्यपालांच्या क्षमाधिकाराला होते. निकाल देण्याचा अधिकार या ‘न्यायालया’ला अर्थातच नव्हता.

त्याच्या तज्ज्ञमंडळात वैद्यक-न्यायशास्त्राचे लेमॉइन स्नायडर होते, तसेच असत्यशोधक यंत्राचे पुरस्कर्ते लिओनार्ड कीलरही होते. या यंत्राच्या विश्वसनीयतेविषयी आज शास्त्रज्ञ साशंक आहेत. न्यायालयीन पुराव्यातील उणिवा दाखविणाऱ्या मंडळाचीच ही भिस्त अभ्यासकाला नजरेआड करता येत नाही.